चाचणीचं मत

“हात लावून बघ की, राज. चावत नाही ते,” कॅथी म्हणाली.

राजाराम दोन्ही हात पाठीमागे बांधून नव्या यंत्राभोवती फिरत होता. सून बघायला आलेला, पण नापसंतीचं घरूनच ठरवून निघालेला सासरा फिरावा तसा. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, इमारतीतल्या खालच्या दालनात नव्या कंपनीच्या माणसांनी दोन टेबलं लावून प्रदर्शन मांडलं होतं. जाड कागदाची मतपत्रिका, काळं पेन, आणि ती मतपत्रिका गिळून मोजणारी करड्या रंगाची पेटी. लोकांनी यावं, वापरून बघावं, काय वाटतं ते सांगावं, म्हणजे गुरुवारच्या सुनावणीत काउंटीचा कारभार बघणाऱ्या तिघा कमिशनरांना निर्णय घ्यायला बरं, अशी योजना होती. लोक आले थोडेच, तेही बहुतेक कॉफीसाठी.

“म्हणजे शेवटी कागदच,” राजाराम म्हणाला. “कागद नको झाला म्हणून मला इथे आणलं. आता कागद हवा झाला म्हणून मला घालवताय.”

कॅथी हसली. ती काउंटीच्या निवडणूक विभागाची प्रमुख. या माणसाची कुरकुर ती इतकी वर्षं ऐकत आली होती की त्यातलं खरं किती आणि सवयीचं किती हे तिला बरोबर कळायचं. आज मात्र तिने पटकन विषय बदलला.

“गुरुवारी तुला बोलायचंय. कमिशनर तुला एकच विचारणार आहेत. जुनी यंत्रं या नोव्हेंबरात चालतील का? तू हो म्हणालास तर नवी पुढच्या वर्षी येतील. नाही म्हणालास तर आत्ताच.”

“आणि मी काय म्हणावं?”

“जे असेल ते. खोटंच ऐकायचं असतं तर त्यांनी सेल्समनला विचारलं असतं.”

राजारामने शेवटी पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाला धूळ लागली का ते बघितलं. धूळ नव्हती.

राजाराम मगदूम काउंटीचा नोकर नव्हता. जुनी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने ती विकताना देखभालीसाठी जो माणूस सोबत धाडला, तो हा. यंत्रं आली तेव्हा त्याचे केस काळे होते. मिरजेहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन, शोभाच्या भावाने पाठवलेल्या कागदपत्रांच्या जोरावर तो अमेरिकेत आला. आधी एका कारखान्यात सर्किट जोडली, मग ही नोकरी लागली आणि तो या मक्याच्या शेतांनी वेढलेल्या काउंटीत येऊन पडला तो पडलाच. हिवाळ्यात बर्फावर टाकायच्या मिठाचं रस्ते विभागाचं कोठार होतं, त्याला लागून एक गोदाम होतं, त्यात यंत्रं ओळीने उभी असायची. त्यांच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या, पडदे पुसायचे, बोट जिथे टेकेल तिथेच खूण उमटते ना ते जुळवायचं. शोभा त्या गोदामाला ‘तुमचं दुसरं घर’ म्हणायची, आणि फार चिडली की ‘पहिलं घर’.

प्रत्येक निवडणुकीआधी चाचणी असायची. राजाराम एकेका यंत्रापुढे उभा राहून मतं द्यायचा. या उमेदवाराला इतकी, त्या उमेदवाराला तितकी, ठरवून. मग यंत्राचा आकडा आणि आपला आकडा ताडून बघायचा. जुळला की सगळं पुसून टाकायचं. मतदानाच्या दिवशी सकाळी यंत्र एक कागदी पट्टी छापायचं, त्यावर सगळ्या उमेदवारांची नावं आणि प्रत्येकापुढे शून्य. ती पट्टी बाहेर आली की राजारामचा जीव भांड्यात पडायचा.

अशी त्याने आयुष्यात किती मतं दिली असतील त्याचा हिशेब नाही. रिपब्लिकनांना दिली, डेमोक्रॅटांना दिली, शेरीफला दिली, न्यायाधीशांना दिली. सगळी स्वतःच्या हाताने पुसली. मोजलं जाईल असं मत मात्र त्याने एकही दिलं नव्हतं, कारण राजाराम या देशाचा नागरिकच नव्हता. पंचवीस वर्षांहून जास्त काळ ग्रीन कार्डवर राहिलेला माणूस होता तो.

या एप्रिलमध्ये त्याने नागरिकत्वाची शपथ घेतली. येत्या नोव्हेंबरात त्याचं पहिलं मत पडणार होतं. आणि ते कुठे, कसं पडणार हे त्याने मनाशी ठरवून ठेवलं होतं. गावातल्या रिक्रिएशन सेंटरमध्ये, आपल्याच यंत्रावर, ज्याच्या पडद्याला आपण लेकराचं तोंड पुसावं तसं पुसत आलो त्याच्यावर, बोटाने. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? पण त्यासाठी यंत्रं नोव्हेंबरपर्यंत टिकायला हवी होती.

संध्याकाळी त्याच्या कंपनीतल्या साहेबाचा फोन आला. साहेब राजारामच्या मुलीच्या वयाचा होता.

“राज, सोपं आहे. एक निवडणूक आरामात निघेल, एवढंच म्हण. खोटंही नाही ना ते? तुझंही एक वर्ष निघेल.”

राजारामने ‘बघतो’ म्हणून फोन ठेवला. शोभा कोथिंबीर निवडत होती. तिचे कान तिखट.

“काय बघताय?”

“यंत्रं चालतील म्हणून सांग म्हणतोय.”

“आणि चालतील?”

राजारामने खुर्ची ओढली. “मोजायला पक्की आहेत गं. त्यात काही नाही. पण पडदे म्हातारे झाले. बोट एकीकडे टेकतं, खूण दुसरीकडे उमटते.”

“अगं बाई! म्हणजे मत भलत्यालाच?”

“तसं नाही. शेवटी सगळं पुन्हा दाखवतं, शेजारी कागदावर छापतं, चुकलं असेल तर सुधारता येतं. पण म्हाताऱ्या माणसाला दोन-दोन, तीन-तीनदा दाबावं लागतं. बिचारी घाबरतात. वेळ लागतो, रांग लांबते. मागच्या वेळी मी एकाचे भाग काढून दुसऱ्याला लावले, तेव्हा कसंबसं भागलं.”

“मग हेच सांगा की.”

“सांगतो की. पण मग माझं...”

तो थांबला. शोभाने कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर अर्ध्या वाक्यात कळतं.

“पेनाने दिलं तर मत बाटतं का तुमचं?” ती म्हणाली. पण मग उठली, आणि न मागताच त्याच्यापुढे चहा ठेवला.

शोभा कधीच नागरिक झाली होती. पाच वर्षं भरली, अर्ज केला, मोकळी झाली. ‘एकदा माहेर सोडलंय मी, दुसऱ्यांदा सोडायला मला काय जातंय!’ असं ती हसत म्हणायची. राजारामला ते जमलं नाही. मिरजेला त्याचा एक प्लॉट होता. त्यावर घर बांधायचं, निवृत्त होऊन तिथे राहायचं, सकाळी फिरायला जायचं, असा बेत होता. बेत दरवर्षी पुढच्या वर्षावर जायचा. दर दहा वर्षांनी तो शिकागोच्या भारतीय वकिलातीतून निळा पासपोर्ट नवा करून आणायचा आणि कपाटात रेशमी रुमालात गुंडाळून ठेवायचा. इथपर्यंत ठीक होतं. ज्याचा त्याचा प्रश्न. पण राजाराम स्वतःपुरता थांबला नाही.

तिथल्या मराठी मंडळाचा गणपती म्हटला की आरतीनंतर, जेवणाच्या रांगेत त्याचं भाषण ठरलेलं. “घाई करू नका. पासपोर्ट गेला की माणूस गेला. आज ना उद्या आपण परत जाणार आहोत, हे विसरू नका.” तो वयाने मोठा, बोलण्यात गोड, शिवाय निवडणुकीच्या खात्याशी संबंध असलेला एकटाच. म्हणजे त्याला यातलं कळतच असणार, असं लोकांनी धरून चाललं. कुणी अर्ज भरायला काढलाच तर म्हणायचं, थांब, राजाभाऊंना विचारू. आणि राजाभाऊ सांगायचे, घाई काय आहे?

अनिका, त्यांची एकुलती एक, अकरा वर्षांची होती तेव्हा एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्याबरोबर गोदामात आली होती. यंत्रावर उमेदवारांच्या यादीखाली एक मोकळी ओळ असायची. यादीतलं कुणीच पसंत नसेल तर मतदाराने तिथे आपल्याला हवं ते नाव टाइप करायचं. चाचणीत तीही ओळ तपासावी लागे. राजारामने पडद्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवत तिचं नाव लिहिलं. यंत्राने पट्टी छापली. अनिका मगदूम, एक.

“डिड आय विन?” ती उड्या मारत म्हणाली.

“जिंकलीस! एकच मत, पण बिनविरोध.”

मग त्याने कळ फिरवून सगळं पुसलं. तिचा चेहरा पडला. “बाबा, व्हाय डिड यू डिलीट मी?”

“अगं, खऱ्या दिवशी सगळ्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागते. तुलासुद्धा.”

पुढे ती मोठी झाली, कॉलेजात गेली, फिजिकल थेरपिस्ट झाली. तो मात्र प्रत्येक चाचणीत त्या ओळीत तेच नाव लिहीत राहिला. घरी सांगायचा, “आज पुन्हा निवडून आलीस गं.” तीही फोनवर हसून विचारायची, “या वेळी कुणाला हरवलं मी?” बापलेकीचा तो एक खेळच होऊन बसला.

आणि मग चार वर्षांपूर्वी ती खरोखरच उभी राहिली. शाळेच्या बसचे मार्ग कमी केले होते, तिच्याकडे उपचाराला येणारी अधू मुलं रोज तासभर गाडीत बसून शाळेला जात होती. ती संतापली आणि शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभी राहिली. घरचं माणूस उमेदवार, म्हणून त्या वर्षीची चाचणी नियमाप्रमाणे दुसऱ्या माणसाने केली. राजाराम मोकळा झाला आणि प्रचाराच्या पाट्या ठोकायला बाहेर पडला. मंडळातल्या एकूण एक घराच्या अंगणात अनिकाच्या नावाची पाटी लागली. वसुधाकाकूंनी प्रचाराला फिरणाऱ्या गोऱ्या मुलांना बटाटेवडे खाऊ घालून घालून त्यांची सवय बिघडवली. असा उत्साह त्या लोकांनी गणपतीतसुद्धा दाखवला नव्हता.

निकालाच्या संध्याकाळी सगळे राजारामच्या तळघरात जमले होते. अनिका नऊ मतांनी हरली.

मग वसुधाकाकूंनी तिला जवळ घेतलं. “अगं, वाईट वाटून घेऊ नको. आम्ही सगळे होतो ना तुझ्यामागे!”

“आय नो, काकू.” अनिका डोळे पुसत हसली. मग तिने सहज विचारलं, अगदी सहजच. “तुमच्यापैकी व्होट किती जणांनी केलं?”

काकूंनी ताटातला भात चमच्याने एका बाजूला सारला. कुणी शोभाकडे बघितलं, कुणी गालिच्याकडे. पाट्या सगळ्यांच्या अंगणात होत्या, पण मत द्यायचा हक्क मोजक्याच घरांत होता. बाकी सगळी ग्रीन कार्डं. अर्ज करता आला असता अशी, वर्षानुवर्षं करता आला असता अशी.

“आम्ही केला असता गं अर्ज,” प्रसन्न म्हणाला. तो मंडळाचा अध्यक्ष, स्वभावाने गरीब. “पण राजाभाऊच म्हणाले होते ना, घाई करू नका म्हणून.”

त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. आरोप असता तर राजारामला भांडता तरी आलं असतं.

मग कुणीतरी विषय बदलायला म्हणालं, फेरमोजणी मागू या, नऊ मतं म्हणजे काहीच नाहीत. अनिकाने मान हलवली. “नो. ती बाबांची मशिन्स आहेत. दे डोंट मेक मिस्टेक्स.”

ती हे कौतुकानेच म्हणाली होती. पण राजारामच्या काळजात ते वाक्य रुतलं ते आजतागायत निघालं नाही. यंत्रांनी चूक केली नव्हतीच. चूक कुणी केली होती ते त्या तळघरात सगळ्यांना माहीत होतं. सगळे गेल्यावर तो तिच्याजवळ गेला. “अनू, माझं एक तरी मत...”

“वन व्होटने काही झालं नसतं, बाबा. इट्स फाइन.”

एका मताने काही झालं नसतं हे खरं. पण ती एकटं त्याचं मत धरत होती, आणि तो त्या तळघरातल्या सगळ्या ताटांचा विचार करत होता. त्यानंतर दोनदा लोक तिच्याकडे गेले, पुन्हा उभी राहा म्हणाले. ती नाही म्हणाली. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि राजारामची विचारायची छाती झाली नाही. त्याने काय केलं, तर नागरिकत्वाचा अर्ज भरला. हाताचे ठसे दिले, सटरफटर प्रश्नांची उत्तरं पाठ केली, शपथ घेतली. वकिलातीने निळा पासपोर्ट कोपरा कापून रद्द केला आणि परत पाठवला, तो त्याने पुन्हा त्याच रेशमी रुमालात बांधून ठेवला. मंडळात मात्र भाषण केलं नाही. एकेकाला गाठून, हळू आवाजात, “अर्ज करून टाका रे,” असं सांगत फिरला. ऐकलं काहींनी. पण ज्या वेळी घोडं अडलं होतं, ती वेळ निघून गेली होती.

गुरुवारी दुपारी राजारामने शपथेच्या वेळचाच कोट घातला. सभागृहात तिघे कमिशनर उंच टेबलामागे बसले होते. कॅथी बाजूला होती. कंपनीचा साहेब पहिल्या रांगेत फोन चाळत होता. राजारामचं नाव पुकारलं आणि तो माइकपाशी जाऊन उभा राहिला, तेव्हा मागचं दार उघडून अनिका आत आली. क्लिनिकमधून तशीच, निळ्या कपड्यांत. शोभाने बोलावलं असणार, दुसरं कोण!

“मिस्टर मगदूम,” मधले कमिशनर म्हणाले, “ही यंत्रं तुमच्याइतकी कुणालाच माहीत नाहीत. अजून एक निवडणूक निघेल?”

‘आरामात’ हा शब्द राजारामच्या जिभेवर तयार होता. तो तसा खोटाही नव्हता. पंधरा दिवस गोदामात जीव आटवला असता तर यंत्रं चालली असती. तो रिक्रिएशन सेंटरमध्ये गेला असता, ओळखीच्या पडद्यावर बोट ठेवलं असतं, पट्टी छापली गेली असती आणि ती पुसायला कुणी आलं नसतं. एवढंच तर त्याला हवं होतं. त्याने मागे वळून अनिकाकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती, लहानपणी गोदामात उभी राहायची तशी.

“ती मोजण्यात कधी चुकली नाहीत,” राजाराम म्हणाला. “आजही चुकणार नाहीत. तेवढी खात्री मी देतो.”

कंपनीच्या साहेबाने मान डोलावली.

“पण आता त्यांना माणसाचं बोट नीट ओळखू येत नाही. एकदा दाबून होत नाही, पुन्हा दाबावं लागतं. लोक गोंधळतात. बाहेर रांग लागते. रांगेत कुणाला तरी मुलाला आणायला जायचं असतं, कुणाचे गुडघे दुखत असतात. ते निघून जातात.”

“किती जण जात असतील?”

“तेच तर सांगता येत नाही, साहेब. दिलेलं प्रत्येक मत मी तुम्हाला मोजून दाखवीन. न दिलेलं मत कुठल्याच पट्टीवर छापून येत नाही.” त्याने माइक जरा जवळ ओढला. तो पुढे म्हणाला, “आणि माणूस कधीकधी त्यानेच निवडणूक हरतो. हे मला ठाऊक आहे. नवी घ्या. पुढच्या वर्षी नको, आत्ताच घ्या.”

तिघा कमिशनरांनी हात वर केले. पाच मिनिटांत काम संपलं. साहेब फोन खिशात टाकून निघून गेला. कॅथीने राजारामचा दंड दाबला आणि तीही पुढच्या विषयाकडे वळली. पुढचा विषय पुलाच्या दुरुस्तीचा होता.

बाहेर पार्किंगमध्ये ऊन होतं. शोभा मुद्दामच गाडीत जाऊन बसली. बापलेक बाहेर उभे राहिले.

“आई म्हणाली, यू वॉन्टेड टू व्होट ऑन देम,” अनिका म्हणाली. “मग असं का सांगितलं?”

“खरं होतं ते सांगितलं.” राजारामने कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं. चार वर्षं न विचारलेला प्रश्न आज विचारला नाही तर कधीच विचारणार नाही, असं त्याला वाटलं. “अनू, तू पुन्हा उभी का नाही राहिलीस? माझ्यामुळे?”

“बाबा, डोंट.”

“सांग तरी.”

ती गाडीच्या किल्ल्या हातात फिरवत राहिली. “तेव्हा आय रिअली वॉन्टेड इट. खूप. नंतर ते गेलं. असं होतं ना कधीकधी? इट्स नॉट बिकॉज ऑफ यू.” ती थांबली. ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती, बापावरच गेली होती. “नॉट ओन्ली.”

राजारामने मान हलवली. मार बसला, पण नेमका जिथे बसेल असं वाटत होतं तिथेच बसला. त्याचं त्याला एक प्रकारचं बरंही वाटलं. अनिकाने त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली आणि ती कामावर परत गेली.

ऑगस्टमध्ये ट्रक आला. यंत्रं भंगारात काढायच्या आधी प्रत्येकाची स्मृती पुसायची होती. ते शेवटचं काम राजारामकडेच होतं. कॅथी म्हणाली, एखादं बिघडलेलं घरी घेऊन जा, आठवण म्हणून. तो म्हणाला, “नको. बायको म्हणेल, इतकी वर्षं बाहेर होती, आता सवत घरातच आणली.” कॅथीला सवत म्हणजे काय ते समजावून सांगण्यात थोडा वेळ गेला. मग माणसांनी यंत्रं ढकलत ट्रकवर चढवली. एकाचं चाक अडलं, तेव्हा राजारामने वाकून ते हाताने सोडवलं. गोदामाच्या जमिनीवर यंत्रं उभी होती तिथे तिथे फरशी जरा उजळ दिसत होती.

नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी अनिका दोघांना घ्यायला आली. रिक्रिएशन सेंटरच्या आत बास्केटबॉलच्या मैदानावर टेबलं मांडली होती. रांग लहान होती, भराभर सरकत होती. राजारामने आपलं नवंकोरं ओळखपत्र दाखवलं, सही केली. टेबलापलीकडच्या बाईने त्याला मतपत्रिका आणि काळं पेन दिलं.

“पहिल्यांदाच का?” तिने विचारलं.

“या कागदावर पहिल्यांदाच,” राजाराम म्हणाला.

तो आडोशात उभा राहिला आणि वरपासून एकेक गोल भरत गेला. शेरीफ. न्यायाधीश. काउंटीचा हिशेबनीस. पेन कुठेही रेषेबाहेर गेलं नाही. खाली स्कूल बोर्ड होतं. त्यात दोन नावं होती, दोन्ही माणसं भली असतील. त्यांच्याखाली एक मोकळी ओळ.

राजाराम त्या ओळीपाशी थांबला. आधी नोंदणी न केलेल्या माणसाचं नाव तिथे लिहिलं तर ते मत मोजत नाहीत. यंत्र ते बाजूला काढतं, कुणीतरी बघतं आणि सोडून देतं. हा नियम त्याने नव्या नव्या पोरांना किती वेळा समजावून सांगितला होता. पहिलंच खरं मत, आणि त्यातलं एवढं जाणूनबुजून मातीत घालायचं? शहाण्या माणसाने करावं असं हे नव्हतं.

त्याने पेन नीट धरलं आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं. अनिका मगदूम. पुढचा गोल काळजीपूर्वक भरला, पुरा काळा होईपर्यंत.

करड्या पेटीने मतपत्रिका आत ओढून घेतली. तिच्या तोंडावरचा छोटा आकडा एकाने वाढला. राजाराम बघत उभा राहिला. हा आकडा पुसायचं काम आता त्याचं नव्हतं. मागच्या माणसाने नम्रपणे खोकल्यासारखं केलं, तेव्हा तो बाजूला झाला.

दारापाशी अनिका उभी होती. तिने त्याच्या हातातला ‘मी मत दिलं’ असं लिहिलेला गोल स्टिकर घेतला आणि त्याच्या स्वेटरवर चिकटवला.

“सगळं नीट झालं?”

“झालं. एक मत वाया गेलं तेवढं.”

“वाया? कुठलं?”

राजारामने चष्मा काढून स्वेटरच्या टोकाने पुसायला घेतला, आणि तो बराच वेळ पुसत राहिला. अनिका त्याच्याकडे बघत होती. मग तिचा हात त्या स्टिकरवर तसाच राहिला.

“बाबा,” ती हळूच म्हणाली. “डिड आय विन?”

राजारामने मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तिकडे शोभा गाडीपाशी जाऊन उभी राहिली होती, पदर कानाभोवती ओढून, आणि चला लवकर, थंडी वाजतेय, म्हणून दोघांना हाका मारत होती.